चौऱ्याण्णव टक्क्यांचा फ्रॉक

चित्र १. कात्री. नमुन्याच्या कागदावर खाली दोन ओळी, न कळणाऱ्या भाषेत. माझा अंदाज: कापा.

बाहुलीचा फ्रॉक काउंटरवर आपटला तर आवाज होत नाही. म्हणून मी शिवलेले तिन्ही एकदम आपटले. तरी नाही झाला. मग बाहुलीच आपटली.

"लागेल तिला," झेरॉक्सवाला म्हणाला.

"तुम्ही छापलेल्या कागदावरून शिवलेत हे! घालून दाखवा."

त्याने खरंच घालायला घेतला. बाहुलीचे हात वर केले, डोक्यावरून फ्रॉक ओढला... खांद्यांवर अडकला. हात वर करून बाहुली तशीच उभी, पोलिसांनी पकडल्यासारखी. तो हसला. डाव्या गालाला खळी पडली — एकच. खळी पडायची ती वेळ नव्हती.

"मशीन चुकत नाही, मॅडम. शिवताना काहीतरी—"

"मी आठ वर्षं पडदे शिवतेय!"

"पडद्यांना खांदे नसतात."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं हे त्याचं नशीब.

चित्र २. मोजपट्टी. अंदाज: मोजा. (हे मी सोडून दिलं होतं.)

नमुन्याचा कागद त्याने उजेडात धरला. कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनावर बोट ठेवलं. "हे काय?"

"खिसा. दिसत नाही? तिन्ही फ्रॉकना लावलाय."

"आत पाच का लिहिलंय?"

त्याने पट्टी लावली. हळूहळू त्याची खळी गेली, मग चेहऱ्याचा रंगही.

"हा खिसा नाही. छपाई बरोबर झाली का, ते तपासायचा चौकोन आहे. पाच सेंटिमीटर हवा. आहे चार पूर्णांक सात." त्याने पट्टी खाली ठेवली. "'पानात बसवा' या पर्यायासमोरची खूण मी संगणकावर काढून टाकलीच नाही. सगळं चौऱ्याण्णव टक्के छापलं गेलं. चूक माझी आहे. सॉरी."

भांडायला आलेल्या माणसाला इतक्या लवकर सॉरी म्हणू नये. उरलेल्या रागाचं त्याने करायचं काय?

"सॉरी घेऊन काय करू? कापड संपलं! या कुर्त्याचे उरलेले तुकडे होते," मी अंगातला हळदी कुर्ता चिमटीत धरून दाखवला, निळ्या माशांच्या छापाचा, "तेवढेच होते. आणि रविवारी माझी भाची चाललीय. विमानानं. कायमची. तिला बाहुलीला आत्यासारखाच फ्रॉक हवाय, आणि आज गुरुवार आहे, आणि तुम्ही हसताय!"

"आता हसत नव्हतो."

ते खरं होतं. म्हणून जास्त राग आला. बाहुली उचलली आणि निघाले. फ्रॉक तिथेच राहिले.

चित्र ३. दोन हात आणि टाचणी. अंदाज: जोडा. किंवा: टोचा.

शनिवारी दुपारी वहिनीने बॅगांमधून वाट काढत दार उघडलं आणि तिथूनच ओरडली, "ताई, तुमचे झेरॉक्सवाले आलेत!"

"माझे कशाला असतील?"

"बरं. मग माझ्याकडे काय काम आहे ते विचारते हं त्यांना."

पत्ता शोधत आलेला तो, हातात नव्या कागदांची गुंडाळी घेऊन उभा. आल्या आल्या त्याने पट्टी काढली, चौकोनावर ठेवली, मला दाखवली. पाच. मग खुर्ची दिली तरी जमिनीवर बसून नमुने कापायला लागला. वाईट कापत होता. मी कात्री हिसकावून घेतली.

आमची खारूताई, म्हणजे माझी भाची, वय वर्षं पाच, बाहुलीला मांडीवर घेऊन बघत होती. बाहुलीचं नाव म्हातारी; धुऊन धुऊन केस पांढरे झालेत.

"तुम्ही माझ्यावर चिडलाय ते बरोबरच आहे," तो हळूच म्हणाला. "पण हिशेबाने माझ्यावरचा राग सहा टक्के. बाकीचा चौऱ्याण्णव टक्के... कुणावर आहे?"

आतल्या खोलीत दादा वजनकाट्यावर बॅग ठेवत होता.

"त्याच्यावर!" माझा आवाज इतका चढला की काट्याची टकटक थांबली. "पाच वर्षं हिला सांभाळलं मी. वेण्या मी घातल्या. ताप मी उतरवला. आणि तिकिटं काढून झाल्यावर मला सांगितलं! पाहुण्यांना सांगतात तसं!"

आतून दादा म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर तू रडली असतीस... आणि मग मला जाताच आलं नसतं."

"गाढव," मी म्हणाले. मोठ्या भावाला, परक्या माणसासमोर.

चित्र ४. पुन्हा कात्री. अंदाज: पुन्हा कापा.

मी कुर्त्याचा घेर हातात घेतला आणि कात्री लावली.

"अहो! अंगात आहे तो!" झेरॉक्सवाला उठलाच.

"कळतंय मला!"

चार बोटं रुंद पट्टी निघाली. सगळ्या घेरभर. तासाभरात फ्रॉक तयार झाला. म्हातारीचे हात वर केले... आणि तो खांद्यांवरून सुळकन उतरला. खिसा यावेळी नव्हता. खारूताईने आधी बाहुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आत्या, तुझा फाटला."

"फाटला नाही गं. वाटून घेतला."

रविवारचं लिहीत नाही. विमान वेळेवर सुटलं. तेही माझ्यासाठी थांबलं नाही.

चित्र ५. चित्रच नाही. नुसती एक ओळ.

सोमवारी सकाळी दुकानात गेले. तोच आखूड कुर्ता घालून. "माझे फ्रॉक राहिलेत इथे."

दोन काउंटरवर घडी करून ठेवलेले होते. तिसरा गोंदाच्या बाटलीच्या अंगात. बरोब्बर बसला होता.

"काढा तो."

"होतोय की तिला. राहू दे ना..." मग खालच्या आवाजात, "घर कसं आहे?"

"गप्प आहे." डोळे भरले, तर त्यांचाही राग आला. "सगळं तुमच्या एका खुणेमुळे! साधी खूण काढायची राहते कशी माणसाची?"

त्याने गोंदाच्या बाटलीचा फ्रॉक सरळ केला.

"नमुना छापताना तुम्ही समोर उभ्या होतात. हाच कुर्ता होता. मी... मासे मोजत होतो."

पंखा फिरत होता. मशीन उगाचच गुरगुरलं.

"किती भरले?"

"समोरून एकेचाळीस."

"चूक," मी म्हणाले. "आता तेवढे नाहीत. खालची ओळ गेली. पुन्हा मोजा."

आणि मी, रागानेच, सरळ उभी राहिले.