बाजारापुरतं फ्रेंच

त्याच्या वडिलांची शीर काही केल्या सापडेना. मी लॅबतर्फे घरोघरी जाऊन रक्त घेते, हात तसा बसलेला… पण त्या दिवशी दोनदा सुई टोचूनही सिरिंज कोरडीच. अर्धांगवायूनं वाचा गेलेले बाबा नुसते छताकडे बघत होते. त्यांचा हात धरून बसलेला मुलगा काहीतरी पुटपुटला — परकं, मऊ, नाकातलं.

“मला शिवी दिलीत ना?”

“तुम्हाला नाही हो… नशिबाला.” तो ओशाळला. “फ्रेंचमध्ये दिली की बाबांना कळत नाही.”

माझ्या हातातला कापूस तसाच राहिला. “तुम्हाला फ्रेंच येतं?”

माझी ताई फ्रेंच बोलणाऱ्या मुलखातच होती. नवरा सोडून गेलेला, पदरात चार वर्षांची चिमणी, आणि पोटात कॅन्सर. मी तिच्याकडे जाणार होते. व्हिसा तेवढा अडला होता. फोनवर ती म्हणायची, “दुकानात तुलाच जावं लागेल गं. मला आता जिना उतरवत नाही.” आणि मला तर तिथं साधा पावसुद्धा मागता आला नसता!

तो तिकडे सहा वर्षं भाजीच्या दुकानात होता. बाबा कोसळले तसा परतला आणि घराखालीच फळांचं दुकान टाकलं. “दुपारी गिऱ्हाईक नसतं,” तो म्हणाला. “या… बाजारापुरतं शिकवतो.”

मग रोज दुपारी मी त्या काउंटरपाशी. तो नासकी फळं निवडून टोपलीत टाकायचा, मी शब्द घोकायचे. द्यू पँ म्हणजे पाव. द्यू ले म्हणजे दूध. पॉम म्हणजे सफरचंद, आणि बटाटा — पॉम द तेर, जमिनीतलं सफरचंद.

“बटाट्याला एवढा मान?”

“तिथं कुणालाही मिळतो… फक्त आधी बोंजूर, म्हणजे नमस्कार, म्हणायचं. नाहीतर दुकानदार ढुंकून बघत नाही.”

“आणि भाव जास्त सांगितला तर?”

“से त्रो शेर. फार महाग आहे.” तो टोपलीत बघत म्हणाला, “शेर म्हणजे महाग… आणि लाडकं माणूससुद्धा.”

“एकच शब्द?”

“एकच.”

माझे कान तापले. “गिऱ्हाइकाला हे कशाला लागतंय?”

“नाही लागत,” तो म्हणाला, “उगाच सांगितलं.”

त्याच्या बोटांना संत्र्यांचा वास यायचा, माझ्या बोटांना स्पिरिटचा. तो म्हणायचा, “तुम्ही आलात की दुकानाचा दवाखाना होतो.” मी हसायचे… आणि हसल्याची लाज वाटायची. तिकडे ताई झिजत होती, वर बाबा खोकत होते, आणि इथं मी नवा शब्द शिकले की आनंद व्हायचा, आणि लगेच आठवायचं — एकेक शब्द मला त्याच्यापासून लांब नेत होता.

व्हिसा आला. त्याच आठवड्यात ताई गेली.

फोन ताईच्या शेजारणीचा होता. तिचं बोलणं मला कळेना. रडणं तेवढं कळलं. मी तशीच दुकानात गेले आणि फोन त्याच्या हातात दिला. त्याचा चेहरा बघूनच मी स्टुलावर बसले.

“चिमणी शेजारणीकडे आहे,” तो हलकेच म्हणाला. “तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. मावशी येऊन सांगेल, असं ठरलंय.”

ताई तिच्याशी आपल्या भाषेत बोलायची, पण पोरगी उत्तर फ्रेंचमध्येच द्यायची. मी मान वर केली. “आता पाव-दूध पुरे. आई गेली, हे लेकराला कसं सांगतात… ते शिकवा.”

त्यानं शटर अर्धं खाली ओढलं. मग म्हणाला, “ता मामाँ ए मोर्त.”

मी म्हटलं. चुकले. पुन्हा म्हटलं. त्यानं उच्चार सुधारला, मी पुन्हा म्हटलं — आणि तो बरोबर आला तेव्हा मला रडू फुटलं. त्यानं माझे दोन्ही हात हातांत घेतले. किती वेळ, कोण जाणे.

“तिला इथं घेऊन या,” तो म्हणाला. “तिच्याशी बोलायला कुणीतरी लागेल ना… मी बोलेन. आपण दोघं मिळून वाढवू.”

“आपण?”

“मला तुम्ही हव्या आहात. वेळ वाईट आहे, कळतंय मला… पण चांगली वेळ आपल्या वाट्याला येते कधी?”

“पोरीचं सगळं करायचं, वर तुमचे बाबा… झेपेल?”

“नाही झेपणार,” तो म्हणाला. “एकट्याला तर आताही झेपत नाही.”

मला त्याचं ते खरं बोलणंच आवडलं. दुसऱ्या दिवशी तो मला विमानतळावर सोडायला आला. बाबांपाशी शेजारच्या काकूंना बसवून. दारापाशी त्यानं माझी बॅग खाली ठेवली. पुढे काय वाढून ठेवलंय, ते मला दिसत होतं — ताईची रिकामी खोली, कागदपत्रांसाठी खेटे, आणि दारात उभी राहून माझ्यामागे आई शोधणारी चिमणी.

मी बॅग उचलली.

“येते,” मी म्हटलं. “दोघी येतो.”