तळ्यातून काढलेलं विमान

दिवा राहू दे बंद. हे मला वेंडलनेच सांगितलंय, आणि वेंडल क्रान थापा मारणारा माणूस नव्हता. आपल्या म्युझियममध्ये बारा वर्षं तो जुन्या विमानांचे पत्रे ठोकत होता.

चौदा नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळचे साडेसहा, बाहेर उणे अठरा. वेंडल कुलूप लावत होता, तेवढ्यात गार्थ टाइकरोब आला. सत्तरीचा माणूस, रेजायना शहराहून एकटाच गाडी चालवत. त्याला तळ्यातून काढलेलं पिवळं विमान बघायचं होतं. युद्धाच्या काळात त्याचा बाप त्यात पुढे बसून उडायला शिकत होता. विमान तळ्यात पडलं. बाप पोहत बाहेर आला. मागे बसलेला शिक्षक, प्रिंगल, आतच बुडाला.

"बंद झालंय. उद्या या."

"तीनशे किलोमीटर आलोय. बाबांच्या जागी पाच मिनिटं बसू द्या."

"त्यांनी मागे वळून बघितलं असतं तर तो शिक्षक वाचला असता," वेंडल बोलून गेला.

"प्रिंगलच्या डोक्यावरची सरकती काच अडकली होती. चौकशीत तसंच ठरलंय. तोंड सांभाळून बोला."

वेंडलने शिडी लावली. गार्थ पुढच्या सीटवर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "मागे कोण बसलंय?"

"कोणी नाही. मागे अजून सीटच बसवलेली नाही."

"मानेला श्वास लागतोय."

"उतरा खाली."

तो उठणार, तोच डोक्यावरची काच सरकली. बंद झाली. वेंडलने ओढली. हलेना. सकाळीच त्याने तिला तेल घातलं होतं.

आत गार्थ काच बडवत होता. मग थांबला.

ऐकत होता...

मान हलवत होता. नाही. नाही.

वेंडलने हातोडा घातला. काच फुटली. गार्थला खांद्याला धरून बाहेर ओढलं. त्याचे ओठ निळे पडले होते.

"काय झालं?"

गार्थ शिडीला टेकून बसला.

"काच अडकली नव्हती," गार्थ म्हणाला. "प्रिंगल बाबांना नापास करणार होता. बाबांनी... बाहेरून धरून ठेवली."

तो गेला. परत कधी आला नाही.

सोमवारी, दुरुस्तीत दर महिन्याला तोलतो तसं, आम्ही विमान तोललं. ऑक्टोबरात वजन बरोबर भरलं होतं. आता एकाहत्तर किलो जास्त, एका माणसाएवढं. वेंडलने काटे बदलून तीनदा बघितलं. तेवढंच.

अजूनही तेवढंच भरतं.