नीळकंठरावांचा माइक

वंदना, तो मोबाइल ठेव खाली आणि गॅलरीतला दिवा मालव. टीव्हीवर झळकायचंय ना तुम्हा पोरांना? मग विश्वासचं ऐका. आमच्या भोपाळच्या, सोनागिरीतल्या घरासमोर राहायचा. त्यानं जे भोगलं ते त्यानंच मला सांगितलं, आणि बाकीचं अच्युतनं. अच्युत थाप मारणारा माणूस नाही. ते काम आपल्यात माझ्याकडे आहे.

तेव्हा केबलवाल्यांचं स्वतःचं चॅनल असायचं. आमच्याकडचा स्टुडिओ म्हणजे केबलवाल्याच्या घरावरची एक खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकी बुजवलेली. संध्याकाळी नीळकंठराव बातम्या वाचायचे. पाणी कधी येणार, कारखान्यात कोण रिटायर झालं, कोण वारलं. माणूस नागपूरचा, पण हिंदी ऐकत राहावी अशी. त्यांच्यानंतर विश्वास हॉकीचे निकाल सांगायचा.

कॉलरला लावायचा माइक मात्र एकच. त्यामुळे रिवाजच पडला होता. बातम्या संपल्या की नीळकंठराव तो काढून स्वतःच्या हातानं विश्वासच्या कॉलरला लावत आणि म्हणत, "घे, सांभाळ." पुढच्याला माइक दिल्याशिवाय ते कधी खुर्ची सोडत नसत.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात, बातम्या वाचता वाचताच म्हातारा खुर्चीत गेला. माइक कॉलरलाच होता. त्यानंतर बातम्या बंद पडल्या, नुसता खेळ राहिला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. विश्वासला दिल्लीच्या एका चॅनलनं बोलावलं होतं, पहाटेची गाडी होती. बातम्या वाचतानाची एक टेप सोबत हवी होती. भोपाळमधून निघायची ही एकच संधी, हे पोराला पक्कं ठाऊक होतं. रात्री चॅनल बंद झाल्यावर अच्युतनं कॅमेरा लावून दिला. "झालं की बटण दाब आणि चावी खाली दे यार," म्हणाला आणि घरी जेवायला गेला. अच्युत तिथला टेक्निशियन. घरी बायको सिंधू आणि दोन महिन्यांची पोर.

विश्वास बातम्यांच्या खुर्चीत बसला. पहिल्यांदाच. छान वाचलं. "नमस्कार" म्हटलं आणि माइक काढायला हात नेला.

चिमटा उघडेना.

उठायला गेला. उठता येईना. बांधलेलं काही नव्हतं. पायच ऐकेनात. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा चालू. गप्प बसला, तर कॉलर गळ्याशी आवळायला लागली. वाचलं, की सैल. म्हणून तो वाचत राहिला. तीच बातमी. पुन्हा तीच. आवाज बसत चालला, गाडीची वेळ जवळ येत चालली, आणि तो रडत रडत पाण्याच्या वेळा सांगत होता.

तेवढ्यात कानाशी कुणीतरी बोललं. अगदी हळू.

"पुढच्याला दे..."

इकडे पोरीमुळे रात्रभर जागी असलेल्या सिंधूनं अच्युतला हाक मारली. "अहो, चॅनल बंद केलं म्हणालात ना? हे विश्वासभाऊ दिसतायत की टीव्हीवर!" अच्युतनं एकदा पाहिलं आणि तसाच धावत सुटला. जिना चढला, दार ढकललं. दार सहज उघडलं.

"विश्वास, क्या हुआ? ऊठ ना!"

"तिथंच थांब!"

"अरे, माइक अडकलाय नुसता. काढतो मी."

आणि विश्वासला कळलं. अच्युतनं हात लावला की आपण सुटणार. आपण दिल्लीला. आणि अच्युत...

"पुढच्याला दे... दे..."

"हात लावू नको, अच्युत! पाया पडतो तुझ्या. तुझी पोर लहान आहे."

एवढं बोलेपर्यंत कॉलर आवळली. डोळे बाहेर आले. अच्युत खाली धावला आणि मेन स्विच पाडला. घर काळोखात.

वर आला.

लाल दिवा चालूच होता.

त्या उजेडात विश्वासनं दोन्ही हातांनी शर्ट धरला. ओढला. बटणं तुटली, फरशीवर उडाली. डोक्यातून शर्ट उपसला आणि तो नुसत्या बनियनवर जिन्याकडे पळाला. मागे वळून पाहायला दोघेही थांबले नाहीत.

अच्युतनं आपला स्वेटर त्याच्या अंगात घातला आणि स्कूटरवर मागे बसवून गाडीत नेऊन बसवलं. टेप राहिली वरच. तरी नोकरी लागली हो त्याला! फाटक्या आवाजाचा होता, पण सुटला पोरगा. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

उजाडल्यावर अच्युत एकटाच वर गेला. वायरी तरी काढाव्यात म्हणून. मेन स्विच अजून खालीच होता. दार लोटलं...

फरशीवर एकही बटण नव्हतं.

शर्ट खुर्चीवर होता. पाठीला नीट टेकवलेला. माइक कॉलरला.

आणि बटणं... सगळी लावलेली. गळ्यापर्यंत.