अनवाणी गल्ली

रेवणापुरात आता रस्ते कुणी बांधत नव्हतं. रस्ते वाढत होते.

दुधाला निघालेली बाई, शाळेला पळणारी पोरं, मंडईतून पिशव्या हलवत येणारे पेन्शनर, या सगळ्यांच्या पायांखाली रस्ता रोज कणभर घट्ट होई, कणभर रुंद होई. आणि जिकडं कुणी फिरकत नसे, तिकडचा रस्ता आजाऱ्यासारखा खंगत जाई. आधी कडा भुसभुशीत होत. मग फटींतून हरळी डोकं वर काढी. मग दिवे मंद होत, नळाचं पाणी बारीक होई, आणि एक दिवस पाहावं तर नुसती माती. याला रेवणापूरकर म्हणत, 'गल्ली विझली'. आवाज खाली घेऊन म्हणत, एखाद्याच्या घरचं माणूस गेल्यावर बोलतात तसं.

आज कोष्टी गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सदाशिव म्हेत्र्यांनी वाकून फरशीची कड चाचपली, तर बोटाला भुगा लागला. बिस्किटाचा लागावा तसा.

"विझायला लागली," ते स्वतःशीच पुटपुटले, आणि चपला काढून आत शिरले.

सदाशिवराव गोदूताईंच्या कीर्तनात झांजेला असत. गोदूताई ऐंशीच्या घरातल्या. दर गुरुवारी संध्याकाळी चौंडेश्वरीच्या देवळात त्या उभ्या राहिल्या, की पूर्वरंगात माणूस विचारात पडायचा आणि उत्तररंगात डोळे पुसायचा. त्यांची खोली देवळाच्या मागंच होती. गल्ली विझली तर नगरमंडळ दिवाळीनंतर पाणी तोडणार, दिवे काढणार, माणसांना नदीपलीकडच्या इमारतींत हलवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गोदूताई मात्र सांगून बसल्या होत्या, "देवी हलली तर मी हलेन. आणि देवी काय माझ्यासारखी भाडेकरू नाही."

ही जिवट फरशी आणणाऱ्यांत सदाशिवरावांची सख्खी भाची होती, शाल्मली. रस्त्याची घोषणा झाली तेव्हा तिनं याच देवळात बसून मंडळींना समजावलं होतं.

"मामा, शेतातली पायवाट कोण बांधतं?"

"कोण बांधणार? पाय बांधतात."

"तेच. आम्ही फरशीत जंतू घातलेत. घाबरू नका, रोगाचे नव्हेत. चुना तयार करणारे. पाऊल पडलं की फरशी थरथरते. त्या ठोक्यानं ते जागे होतात आणि चुना सोडतात. चिरा बुजतात, दगड घट्ट होतो. ठोके बंद झाले की जंतू झोपतात, आणि दगड हळूहळू मातीला मिळतो. लोकांना जिथून जायचंय तिथं रस्ता राहील. दिवे, पाणी, दुकानं त्याच्या मागं येतील. खड्डा नाही, ठेकेदार नाही."

"म्हणजे रस्ता आपली भक्ती बघणार," गोदूताई म्हणाल्या होत्या, आणि मंडळी हसली होती.

आणि खरोखर गाव बदललं. मोटारी वेशीबाहेर थांबल्या. दवाखाना, शाळा, किराणा, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आलं. म्हातारी माणसं झाडाखालच्या बाकांवर बसून दम खाऊ लागली, पोरं रस्त्यात विटीदांडू मांडू लागली. बाहेरगावचे लोक बघायला येत. रेवणापूर म्हणजे पायी चालण्याचं सुख, असं म्हटलं जाई, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मग कोष्टी गल्लीच का खंगावी? ती काही ओस नव्हती. घरं भरलेली होती, आणि गुरुवारी तर मुंगीला वाट मिळायची नाही. लोकांनी त्याचा अर्थ एकच काढला. देवी रुसली. नवरात्रात मोठा कीर्तनसप्ताह मांडला, पेठापेठांतून माणसं बोलावली. शेकडो माणसं गल्लीतून आली आणि गेली. सप्ताह संपला तेव्हा देवळापुढच्या फरशीला तळहाताएवढी भेग पडली होती.

"देवीनंच पाठ फिरवली," विठाबाई हावळ म्हणाल्या. त्या गल्लीतल्या सगळ्यात थोरल्या. त्यांनी असं म्हटल्यावर गल्लीत दोन घरी चूल पेटली नाही.

तेव्हा सदाशिवरावांनी भाचीला फोन केला. "ये एकदा. तुझं पोरगं आजारी आहे."

"कुठलं पोरगं, मामा?"

"रस्ता गं."

शाल्मली दुसऱ्या दिवशी दुपारी आली. हातात वहीएवढी काचेची पाटी होती. रस्त्यावर पाऊल पडलं की पाटीवर ठिपका उमटे. मुख्य रस्त्यानं येताना तिच्या मागं ठिपक्यांची सरळ माळ उमटत आली होती. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली, विचारही न करता बूट काढून दगडी कठड्याखाली सारले, आणि अनवाणी आत शिरली. लहानपणी आजोळी आल्यावर जे पायांना लागलं होतं, ते पाय विसरले नव्हते.

कोष्टी गल्लीची ही रीतच होती. एके काळी या गल्लीत घराघरांत माग होते, आणि ताणा करायला, म्हणजे उभं सूत लांब ताणून घ्यायला, घर पुरायचं नाही म्हणून ते गल्लीभर पसरत. सूत म्हणजे लक्ष्मी. त्याच्या अंगणात पायताण घालून कोण जाईल? म्हणून जावई असो की फौजदार, गल्लीच्या तोंडाशी चपला उतरायच्या. माग गेले, ताणे गेले, रीत राहिली. पाहुणेसुद्धा ती पाळत.

देवळापर्यंत येऊन शाल्मली थबकली. पाटी डोळ्यांजवळ नेली. चार पावलं मागं गेली, चार पुढं आली.

"मामा, मी चालले ना आत्ता?"

"चाललीस की. का, भूत दिसतेस काय?"

ती हसली नाही. पाटी त्यांच्यापुढं धरली. मोठ्या रस्त्यावरची ठिपक्यांची माळ गल्लीच्या तोंडाशी येऊन तुटली होती. आत एकही ठिपका नव्हता. गल्ली पाटीवर कोरी होती, जणू तिथं जन्मात कुणी आलंच नव्हतं.

ती देवळाच्या पायरीवर बसली. पाय वर घेऊन तिनं आपला तळवा बोटानं दाबून पाहिला.

"बुटाची टाच कडक असते," ती सावकाश म्हणाली. "दगडावर पडली की ठोका बसतो. उघडा तळवा मऊ. तो आधी टेकतो, मग पसरतो, मग उचलतो. दगडाला कळतच नाही. आणि आमच्या चाचण्यांत, मामा, सगळे बूट घालून चालले. माझ्यासकट. मी, ह्या गल्लीत अनवाणी खेळलेली. माझ्यासुद्धा डोक्यात आलं नाही."

"म्हणजे सप्ताहाला आलेली माणसं..."

"रस्त्याच्या लेखी कुणीच आलं नव्हतं."

सदाशिवरावांना आधी हायसं वाटलं. देवी रुसली नव्हती. मग त्यांची नजर स्वतःच्या अनवाणी पायांवर गेली.

संध्याकाळी देवळात मंडळी जमली. शाल्मलीनं सगळं उलगडून सांगितलं. ऐकून घेतल्यावर पहिला प्रश्न कुणीही विचारावा असाच आला.

"मग तुझे जंतू बदल की. जरा हलक्या कानाचे घाल."

"हलक्या कानाचे केले तर उंदीर पळाला तरी रस्ता वाढेल, पाऊस पडला तरी वाढेल. कौलांवर, गटारीत, सगळीकडं दगड चढेल. आणि बदलायचे तर सगळं गाव उकरावं लागेल. मंडळ एका गल्लीसाठी ते करणार नाही. मी विचारलंय."

"मग उपाय?"

शाल्मलीनं मान खाली घातली. "चपला घालून चाला. रोज. सगळ्यांनी. दिवाळीच्या आत फरशी धरेल."



"ज्या सुतावर चार पिढ्या जेवल्या," विठाबाई म्हणाल्या, "त्याच्यावर आता टाचा आपटू?"

"काकू, सूत आता कुठं आहे?"

"दिसत नाही म्हणून नाही होय गं? तुझे जंतू तरी कुठं दिसतात?"

मंडळी हसली. शाल्मलीही हसली, पण तिचे डोळे भरले होते. कुणी चपला घालायचं कबूल केलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही. आपल्याकडं असे निर्णय असेच होतात. लोक उठून घरी गेले, गल्लीतून, अनवाणी.

सदाशिवरावांना रात्र जड गेली. गोदूताई नदीपलीकडं गेल्या तर सहा महिने काढणार नाहीत हे त्यांना दिसत होतं. आणि रीत मोडली तर आपला बाप वरून काय म्हणेल तेही दिसत होतं. सकाळी ते बाजारात गेले आणि गिरणीचे पहारेकरी घालतात तसले जाड टाचांचे बूट घेऊन आले. गल्लीच्या तोंडाशी बसून घातले. फरशीला हात लावून नमस्कार केला. "चुकलं तर माझ्या एकट्याच्या पदरात घाल," असं देवीला म्हणाले, आणि पहिलं पाऊल टाकलं.

टण आवाज झाला. दोन घरांच्या खिडक्या उघडल्या आणि पुन्हा लागल्या.

मग रोज सकाळ-संध्याकाळ ते चालू लागले. तोंडापासून देवळापर्यंत आणि देवळापासून तोंडापर्यंत, घाण्याच्या बैलासारखे. कुणी त्यांना अडवलं नाही. पण गुरुवारी कीर्तनात त्यांच्या शेजारची सतरंजी दोन्ही बाजूंनी मोकळी राहिली. त्यांनी झांज घ्यायला हात पुढं केला नाही. तेव्हा गोदूताई आरतीचं तबक खाली ठेवून स्वतः आल्या, त्यांच्या कपाळाला बुक्का लावला, झांज हातात दिली आणि म्हणाल्या, "ताल सोडू नको, सदा. देवळात पण, आणि बाहेर पण."

दिवाळीच्या तोंडावर फरशी धरली.

पण कशी? सदाशिवरावांच्या पावलांपुरती. गल्लीच्या मधोमध हातभर रुंदीची चकचकीत दगडी पट्टी, अगदी सरळ, आणि तिच्या दोन्ही अंगांना नुसती माती. नगरमंडळाचा माणूस आला, त्यानं मोजमाप घेतलं आणि गल्ली जिवंत ठरवली. दिवे राहिले, पाणी राहिलं, गोदूताई राहिल्या. लोकांनी देवीच्या नावानं साखर वाटली. आणि त्या पट्टीवर कुणीच पाय ठेवला नाही. सगळे तिच्या कडेनं, मातीतून, अनवाणी चालत राहिले.

पंधरवड्यानं शाल्मली पुन्हा आली. मामांशेजारी देवळाच्या ओट्यावर बसली. पाटीवर सगळ्या गावाचा नकाशा होता. मोठे रस्ते जाड, झळझळीत. मधेमधे काळे डाग.

"हे काय गं?"

"विझलेल्या गल्ल्या. आम्हाला वाटायचं, तिथं माणसं कमी म्हणून विझल्या. तुमची गल्ली बघितल्यावर मी जुन्या नोंदी काढल्या. मामा, तिथं माणसं होती."

"मग?"

"पाय घासत चालणारी. काठी टेकत, भिंत धरत. पक्षाघाताची, चाकाच्या खुर्चीवरची. इथं वृद्धाश्रम होता. इथं झोपडपट्टी, पायात काही नसायचं. इथं लहान मुलांची बालवाडी." तिचं बोट डागाडागांवरून फिरत गेलं. "रस्त्याला ती कधी लागलीच नाहीत. मग दिवे गेले, पाणी गेलं, माणसं हलवली. आणि मागं राहिलं ते हे गाव. सगळ्यांना चालता येतं असं. बाहेरचे लोक बघायला येतात ते हेच."

"हलवली ती माणसं आता कशी आहेत?"

शाल्मलीनं पाटी पालथी ठेवली. "नदीपलीकडं. तिथंही हीच फरशी आहे, मामा."

सदाशिवरावांना आपले बूट एकाएकी जड वाटले. इतके दिवस त्यांना वाटत होतं, आपण गल्ली वाचवली. आता गुडघ्यातली रोजची कळ त्यांना वेगळीच जाणवली. आज ना उद्या हा गुडघा पाय घासायला लावणार.

आतून गोदूताईंनी हाक मारली. त्यांना डोळे दाखवायला दवाखान्यात जायचं होतं. त्यांच्यासाठी मागवलेली चाकाची खुर्ची त्या हातभर पट्टीवर मावेना आणि ओल्या मातीत रुतत होती. शेवटी सदाशिवरावांनी हात पुढं केला.

"या, दगडावरून चला. मी कडेनं येतो."

"नको बाबा. माझे पाय त्याला कळायचे नाहीत. तू चाल वरून, उगीच खंड पडेल." गोदूताईंनी त्यांचा हात धरला आणि मातीत पाऊल ठेवलं. "मला इथं बरं आहे."

दोघं निघाले. ते दगडावरून, टण टण. त्या शेजारून, पाय ओढत, तोंडानं कीर्तनाचं मूळपद गुणगुणत. मागं शाल्मली पाटी घेऊन चालत होती. पाटीवर एकाच माणसाचे ठिपके उमटत होते.

तिनं पाटी खाली केली आणि जमिनीकडं पाहिलं. ओल्या मातीत गोदूताईंची पावलं उमटली होती, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, एकामागून एक, देवळापासून थेट इथवर. गल्लीचं तोंड आलं, पुढं मोठा रस्ता लागला, रुंद, गुळगुळीत, झळझळीत. गोदूताईंनी त्यावर पाऊल टाकलं, आणि पावलं संपली.