बशीएवढं बटण

भुंकणारा कुत्रा विकत घेतला आणि स्रवंतीने तिथेच, काउंटरवर, त्याचं पोट उसवायला घेतलं.

"अहो, अहो! काय करताय?" फणींद्र गल्ल्यावरून उठलाच.

"ऑपरेशन. पैसे दिलेत ना? मग आता हा माझा पेशंट."

राजमहेंद्रीच्या बाजारात वडिलांसोबत खेळणी विकता विकता तो लहानाचा मोठा झाला होता. पण कोरं खेळणं फाडणारं गिऱ्हाईक... हे पहिलंच!

"तारा सापडतात का बघते," ती म्हणाली. "अपंग मुलांच्या शाळेत शिकवते मी. हे नखाएवढं बटण आमच्या पोरांना दाबता येत नाही. मी तारा बाहेर काढून बशीएवढं बटण जोडते. मग कोपराने दाबा, गालाने दाबा!"

तिचा डावा हात जन्मापासून आखडलेला. कोपराखाली कुत्रा दाबून ती उजव्या हाताने टाके उसवत होती. अशा वेळी लोक "दे गं इकडे" म्हणत वस्तू हिसकावून घेत. हा नुसता बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "धरू...?"

"कान धरा."

"माझे?"

"कुत्र्याचे!" आणि तिला हसू आवरेना.

त्यानंतर दर सुट्टीला तो शाळेत यायला लागला. तापत्या सोल्डरने तारा जोडायला शिकला, बोटं भाजून घेतली.

"विकणं सोपं असतं, नाही?" ती चिडवायची.

"शिकवणारी कडक आहे हो..." तो बोटावर फुंकर घालत म्हणायचा.

शाळेतल्या सात वर्षांच्या नागश्रीसमोर आजवर दुसरेच खेळायचे, ती बघायची. एके दिवशी तिने कुत्र्याच्या बशीएवढ्या बटणाकडे गाल नेला. चुकला. तिची आई पुढे धावली, स्रवंतीने नजरेनेच तिला थांबवलं. पुन्हा गाल सरकला आणि... भू! भू! नागश्री दचकली, मग खिदळली. पुन्हा दाबलं. पुन्हा! "केवढा कलकलाट करतेय गं माझी पोर!" म्हणत आई रडायला लागली. स्रवंतीची मान अभिमानाने ताठ झाली.

त्याच संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात फणींद्र अदबीने, चाचरत म्हणाला, "स्रवंतीगारू... माझ्याशी लग्न कराल?"

"माझी दया आली?"

"दया? तुमच्या हातातली कात्री बघितल्यापासून मला तर भीतीच वाटते!"

ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "तुमच्या दुकानाला चार पायऱ्या आहेत. चाकाच्या खुर्चीतलं आमचं एकही पोर कधी वर आलेलं नाही. त्यांची खेळणी आम्हीच निवडतो. आधी ते बघा, मग बोलू."

आठवड्याभरात पायऱ्यांवर सिमेंटचा उतार झाला. "दुकान फोडलं पोराने!" म्हणून त्याचे वडील कुरकुरत होते. त्याच उतारावरून नागश्रीची खुर्ची सरसर वर आली. सगळ्यांनी बाहुल्या दाखवल्या, पण तिची नजर खालच्या फळीवरच्या हिरव्या मगरीवर खिळली ती हलेचना. कुरकुरणारे वडील तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "हीच ना, अम्मा?" त्यांनी लाडाने तिला विचारलं.

नागश्रीचा चेहरा फुलला.

"आता... बोलायचं?" फणींद्रने विचारलं.

एरवी ओढणीखाली राहणारा डावा हात स्रवंतीने बाहेर काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"हो," ती म्हणाली. साऱ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.