आत किती जण?

गच्चीवरचे वाळलेले कपडे काढून आणायचे, एवढंच तर काम होतं. दुपार कलली होती, वारा सुटला होता आणि ओट्यावर बारीक गॅसवर दूध ठेवलेलं होतं. दूध वर यायच्या आत आपण खाली येऊ, असा ठकीच्या आईने हिशोब केला. तीन वर्षांची ठकी आजीच्या रिकाम्या खाटेवर बाहुलीला थोपटत बसली होती.

"येते हं," आई म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

इथेच घोळ झाला. घरातून निघताना आपल्यात कोणी ‘जाते’ म्हणत नाही, जिभेवरच येत नाही ते. निघालेलं माणूसही ‘येते’ म्हणूनच निघतं. हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण दाराला कोण सांगणार?

दाराला म्हणजे दारावरच्या कुलपाला. सासूबाईंना विस्मरण जडलं आणि त्या भलत्या वेळी घराबाहेर पडू लागल्या, तेव्हा बोटीवर नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकाने हे बोलतं कुलूप बसवून घेतलं होतं. ते घरातल्यांचे आवाज ओळखायचं, त्यांच्या बोलण्यावरून आत किती जण आहेत ते मोजायचं आणि फोनवर दाखवायचं. आत मोठं माणूस असलं, तर बाहेरच्याला उघडण्याआधी त्याची परवानगी घ्यायचं. पोरासोरांचं मात्र ऐकायचं नाही. कल्पना झकासच होती, पण कंपनी मूठभर पोरांची आणि त्यांची प्रत्येक नवी आवृत्ती म्हणजे आगीतून फुफाट्यात. एकदा कुकरची शिट्टी झाली आणि दार आपणहून सताड उघडलं. एकदा लेकाला सर्दी झाली, तर त्याला रात्रभर जिन्यात बसवलं. फोन करावा तर आधी पिपाणीसारखं गाणं, मग एकच एक गडी आणि त्याचं एकच एक उत्तर : "पुढच्या आवृत्तीत होऊन जाईल, मॅडम." नवराबायकोने त्याचं नावच ‘होऊनजाईल’ ठेवलं होतं.

सासूबाई गेल्या त्याला आता काही महिने झाले होते. दवाखान्यात नेताना त्यांनी स्ट्रेचरवरून दाराची चौकट घट्ट धरली होती. "येते गं," त्या म्हणाल्या होत्या. "पोरीकडे नीट बघ. नाहीतर मी नेईन हो तिला माझ्याकडे." बोलल्या त्या हसतच. पण त्या परत आल्या नाहीत आणि ते हसू सुनेच्या डोक्यातून गेलं नाही. कुलपातून त्यांचा आवाज काढून टाका, अशी तिने कंपनीकडे कितीदा तरी तक्रार केली. दर वेळी उत्तर यायचं, ‘आपली तक्रार मिटवण्यात आली आहे.’ तक्रार मिटायची, आवाज तसाच राहायचा.

कपड्यांचा भारा खांद्यावर टाकून ती खाली आली.

"उघड," ती म्हणाली.

"आई आत आहेत," कुलूप गोड आवाजात म्हणालं. "आपण कोण?"

"अरे, मीच आई!"

"आई आत आहेत. आपण कोण?"

तिने फोन पाहिला. आत : दोन. ती ‘येते’ म्हणाली होती आणि दाराच्या लेखी ती आली होती, बाहेर पडलीच नव्हती. एरवी तिने कपाळावर हात मारून घेतला असता. पण तेवढ्यात आतून फस्सकन आवाज आला. दूध उतू गेलं होतं.

मग दाराच्या फटीतून तो वास आला. जळक्या दुधाचा, आणि त्यामागून दुसरा, गॅसचा.

तिने दारावर धडका दिल्या. समोरची दोन्ही घरं बंद होती, माणसं कामावर गेलेली. अग्निशमनवाले निघतो म्हणाले. तिने ‘होऊनजाईल’ला फोन लावला आणि पिपाणी वाजत असताना दाराला तोंड लावून हाका मारत राहिली.

"ठकी! ठकी, बाळा, खिडकी उघड!"

"हात नाही पुरत," आतून आवाज आला. "आई, घाण वास येतोय..."

"मॅडम, बोला," पलीकडून तो म्हणाला. तिने कसंबसं सांगितलं. शब्दांवर शब्द पडत होते. "पाया पडते तुमच्या. उघडा हो ते दार..."

"इथून उघडता येत नाही, मॅडम. तो ‘येते’चा घोळ माहीत आहे आम्हाला. दुरुस्ती तयारच आहे. आत्ता पाठवतो, मिनिटात बसेल."

आतून ठकीचा आवाज बंद झाला होता. तिने दाराला कान लावला. काहीच नाही. माझ्या एका भाऱ्यापायी लेकरू गेलं, असं तिच्या मनात आलं आणि ती उंबऱ्यावर मटकन बसली.

"नवी आवृत्ती बसली," कुलूप म्हणालं. "आई, तुम्ही बाहेर आहात."

"हो! हो, उघड!"

"आत मोठं माणूस आहे. परवानगी विचारत आहे."

तिने फोनकडे पाहिलं. बाहेर : एक. आत... दोन.

आत कोणीतरी चालत होतं. पाय घासत, थांबत थांबत, ओट्यापासून दारापर्यंत. दाराच्या पलीकडे कोणीतरी धापा टाकत उभं राहिलं.

"आजींनी परवानगी दिली," कुलूप म्हणालं. "उघडत आहे."

घरात दुसरं कोणी नव्हतं. खिडकी सताड उघडी होती. गॅसची कळ बंद होती. दुधाचं पातेलं ओट्यावर उतरवून ठेवलेलं, वर ताटली आणि ताटलीवर आडवी सांडशी. मांजराच्या भीतीने सासूबाई ठेवायच्या तशी. आजीच्या खाटेवर ठकी उताणी निजली होती. कोणीतरी तिच्या अंगावर चादर नीट गळ्यापर्यंत ओढली होती.

आईने तिला उचललं आणि पळत जिन्यात आली. पोर खोकली, मोठा श्वास घेतला, आईच्या खांद्यावर मान टाकली. आई रडत रडत तिचे पटापट मुके घेत सुटली. मागे दार आपणहून, अगदी हलकेच, लागलं.

मग फोन थरथरला. बाहेर : एक. आत : दोन.

तिने फोन लावला. पिपाणी वाजलीच नाही. पहिल्याच घंटीला त्याने उचलला. असं आजवर कधी झालं नव्हतं.

"मोजणी चुकलीय तुमची," ती म्हणाली. "पोरगी माझ्या कडेवर आहे. आत कोणी नाही."

"बघतो, मॅडम... नाही, मॅडम. बरोबर आहे."

"अहो, तुमचं कधी काही बरोबर असतं का? शिट्टीने उघडतं तुमचं दार! चूक आहे म्हणा ना. पुढच्या आवृत्तीत होऊन जाईल म्हणा... एवढं एकदा म्हणा..."

"ते झालं, मॅडम," तो हळूच म्हणाला. "मगाशीच झालं. आता कोण काय बोलतं त्यावर मोजत नाही. कोण कुठे आहे त्यावर मोजतो. तुमची तक्रार मिटवतोय."

फोन बंद झाला. तिने ठकीला घट्ट धरलं. पोरीचं अंग ऊबदार होतं, छातीतली धडधड तिच्या छातीला लागत होती. आणखी काय हवं होतं?

ठकीने मान वर केली. बंद दाराकडे बघत, कोणीतरी हाक मारल्यासारखी ती ऐकत राहिली. मग आईकडे वळली आणि आजीने शिकवलं होतं तसा इवलासा हात हलवला.

"येते हं, आई."