दाब म्हटलं की दाबणारा

खरी गोष्ट सांगतोय. पटली नाही तर डोंबिवलीला मानपाड्यात या आणि आमचे साडू सुधीरराव यांच्याशी हात मिळवून बघा. तीन बोटं हाताला लागतील.

उरलेली दोन कुठे गेली, तेवढंच सांगायचंय.

यंदाचा मे महिना. दुसरा रविवार. दुपारचे अडीच.

हो, दुपारचे. अमावास्या नाही, कोल्हेकुई नाही. आमरस-पुरी चेपून सोसायटीचे चारही मजले घोरत होते.

सुधीरराव वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं तपासणी खात्यात आहेत. दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा त्यांना पगार मिळतो. घरी ते हेच काम हौसेने करतात. त्यांची सात सीटांची थोराड गाडी मात्र जुनी, शीळफाट्याच्या एका दलालाकडून घेतलेली. आधीच्या मालकाबद्दल दलाल काही बोलला नाही. आणि नवल म्हणजे सुधीररावांनीही विचारलं नाही.

महिनाभर पुढच्या चाकांतून सुरीला धार लावल्यासारखा आवाज येत होता. ब्रेक पॅड झिजून पार पत्र्याला आले होते. नेमकं त्याच संध्याकाळी लेकीचं, कादंबरीचं, डोहाळजेवण. ठाण्याला, तिच्या सासरी. तिला आठवा महिना; चार दिवस माहेरी आलेली, इथूनच निघायची होती.

"ब्रेक नीट झाल्याशिवाय माझी पोर त्या गाडीत बसणार नाही," सुमेधावहिनींनी सकाळीच बजावलं.

"मग मीच बदलतो. त्यात काय आहे?"

"काय आहे ते गॅरेजवाल्याला माहीत असतं."

"तो हातोडीने बोल्ट सोडवतो, सुमेधा. हातोडीने!"

पुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

इमारतीखालच्या पार्किंगमध्ये सुधीररावांनी जॅक लावला. उजवं चाक झकास झालं. नवे पॅड बसवले की पेडल चार-सहा वेळा दाबून घ्यावं लागतं. ते काम वहिनींकडे. त्या ड्रायव्हरच्या सीटवर, हे खाली.

"दाब... सोड... दाब... सोड. लग्नाला तीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा माझं ऐकतेयस."

"तोंड कमी चालवा. पाच वाजता निघायचंय."

मग ते डाव्या चाकाकडे गेले.

तिथे जमिनीवर बसलं की ड्रायव्हरची सीट दिसत नाही.

जुने पॅड निघाले. पॅडना धरणारा लोखंडी जबडा उघडा झाला. त्यातून पॅडवर दाब देणारा पिस्टन मळाने माखला होता. पुसायचा तर थोडा बाहेर यायला हवा.

"हळूच दाब."

पिस्टन केसभर पुढे आला.

"सोड."

थांबला.

"दाब."

पुन्हा केसभर. काय नजाकत होती! सुमेधा इतकं हळुवार कधी काही करत नाही, असं सुधीररावांच्या मनात आलंसुद्धा. त्यांनी खूश होऊन फडकं बोटांना गुंडाळलं आणि दोन बोटं जबड्यात घातली.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून हाक आली...

"अहो, चहा टाकू का? मी कधीची वर आलेय. ओटीचं सामान कोण काढणार?"

सुधीररावांनी वर बघितलं. गॅलरीत सुमेधा उभी होती.

मग गाडीत...?

हात मागे घ्यायचं सुचायच्या आत पिस्टन सरकला.

त्यांनी 'दाब' म्हटलं नव्हतं.

"सोड!"

जबडा आवळला.

"सोड! अरे सोड!"

गाडीच्या आत सीट करकरली... सगळं वजन पायावर टाकून कोणी पुढे रेलावं तशी.

कड्.

ते मधलं बोट. उसाच्या चरकात कांडं जातं, तसा आवाज.

फडकं लाल झालं. सुधीरराव गुरासारखे ओरडले. डाव्या हाताने पाना उचलून त्यांनी जबड्यावर घाव घातले. तीन, चार, पाच. एक घाव स्वतःच्याच मनगटावर बसला.

एवढ्यातही तपासणी खातं जागं होतं. ब्रेक तेलावर चालतो. तेल गेलं की जोर गेला. त्यांनी चाचपून कटर शोधला आणि जबड्याकडे येणारी रबरी नळी कापली. तेलाची चिळकांडी तोंडावर उडाली. मग धार. मग नुसते थेंब.

नळी रिकामी झाली.

जबडा आणखी आवळला.

दुसरं बोट.

"बाबा!"

जिन्यातून कादंबरी धावत आली. आठव्या महिन्याचं पोट हिरव्या साडीत सांभाळत, अर्ध्या केसांत फुलं माळलेली. तिला गाडी उत्तम येते. बापाचा हात बघून ती पांढरी पडली, पण डोकं चाललं.

"पेडल अडकलंय! थांबा, मी आत बसून सोडवते."

"नको! कादंबरी, तिकडे जाऊ नकोस!"

ती बॉनेटला वळसा घालून पलीकडे गेली. आता तीही दिसेना.

खट्...

दाराचा आवाज.

"बाबा... मी हात लावला नव्हता. दार आपोआप उघडलं..."

"बसू नकोस! पळ!"

साडीची सळसळ आत सरकली.

सीट पुन्हा करकरली... या वेळी कोणी बाजूला सरकून जागा करून द्यावी तशी.

सुधीररावांनी दोन्ही पाय चाकाच्या खोबणीला लावले आणि हात ओढला.

एकदा. कातडी गेली.

दुसऱ्यांदा ते बेशुद्ध व्हायचेच राहिले.

तिसऱ्यांदा हात आला. पुरता नाही.

रक्ताची रांगोळी घालत ते पलीकडे पोचले. कादंबरी अर्धी आत होती. एक पाय जमिनीवर, एक पेडलपाशी. नजर समोर, गाडी चालवणाऱ्या माणसाची असते तशी. त्यांनी तिला दंडाला धरून बाहेर खेचलं आणि दार लाथ मारून लावलं.

शेजारचे पंढरीनाथ बर्फाचा डबा घेऊन बोटं आणायला खाली गेले. दवाखान्यातून डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, मिळाली तर शिवता येतील.

जबडा सताड उघडा होता. बोटं नव्हती. फडकं नव्हतं. पिस्टन मात्र पुसल्यासारखा लखलखीत.

कादंबरीला मुलगी झाली. ठणठणीत आहे. त्या दुपारबद्दल ती फक्त माझ्या बायकोपाशी, विनिताकडे, एकदाच बोलली.

"मावशी, सीटवर कोणी नव्हतं गं. पण मी पेडलवर पाय ठेवला ना... तेव्हा त्या पायावर दुसरा पाय येऊन बसला. शिकवताना ठेवतात तसा. हळूच."

गाडी चार महिने तिथेच पडून. सोसायटीने दोन नोटिसा दिल्या. शेवटी गेल्या सोमवारी गाडी ओढून न्यायला टोचनवाला बोलावला. सुधीरराव खाली यायला तयार नव्हते, म्हणून मी उभा राहिलो. गाडी कुलूपबंद. चावी माझ्या खिशात.

टोचनवाल्याने काचेतून आत डोकावून पाहिलं. मान हलवली, काहीतरी ऐकल्यासारखी. मग वैतागून माझ्याकडे आला.

"काका, तुमच्या माणसाला आधी उतरवा ना. ब्रेक दाबून बसलाय. मला म्हणतो, कादंबरी आली की निघू."

मी त्याला तसाच परत पाठवला. सुधीररावांना सांगितलं, दोर तोकडा पडला.

आज हे लिहून टाकतोय, कारण तोंडाने सांगायला जीभ उचलत नाही. आणि परवा कादंबरी बाळाला घेऊन मानपाड्याला, माहेरी यायची म्हणतेय...